आज प्रार्थना नको

शिलाईकाकू तोंडाच्या भारी फटकळ. कपडा घट्ट शिवला म्हणून कुणी कुरकुरलं, तर "कपडा आहे तेवढाच आहे, वाढलात तुम्ही" असं तोंडावर सांगायच्या. घरी त्यांच्याशी भांडायला सुतारकाका होते, तोवर सगळं ठीक होतं. मग काकांना विसर पडत गेला. आधी हत्यारांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची ओळख गेली, मग काकूंचीच गेली, आणि शेवटी बोलणंही गेलं. वर्षभर त्या माणसाने शब्द काढला नाही. घर नुसतं खायला उठायचं.

काका शांत असायचे ते एकाच जागी, प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत. तिथले बाक त्यांनीच केलेले. बाकाच्या कडेवरून हात फिरवत तासन् तास बसायचे. ते पाहून काकूंनी तिथे दर बुधवारी असे सगळे विसरभोळे जमवायला सुरुवात केली. चहा व्हायचा, चिंध्या निवडायच्या, गुंडाळ्या करायच्या. पण पायऱ्या उंच, संडासाचं दार अरुंद. एक आजी पडल्या आणि विश्वस्त हबकले. उतार बांधा, दार रुंद करा, नाहीतर खोलीला कुलूप, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

पैसा आणायचा कुठून? पालिका लोकोपयोगी कामाला अनुदान देते, प्रार्थनागृहातलं असलं तरी चालतं, असं कळलं. काकूंनी पालिकेत इतके खेटे घातले की शिपाईसुद्धा त्यांना बघून खुर्ची पुढे करू लागला. अट एकच होती : पैसा समाजकार्याला, धर्मकार्याला नाही. विश्वस्तांनी त्यावर आपलं शहाणपण जोडलं. म्हणे, साहेबांना प्रार्थनेचा नुसता वास आला तरी अनुदान गेलं समजा. झालं! काकूंनी खोलीतली प्रार्थनेची पुस्तकं कपाटात कोंबली आणि सगळ्यांना दम भरला. ज्यांना स्वतःचं नाव आठवत नाही, त्यांना दम भरून उपयोग काय, ते त्याच जाणोत.

पाहणीला पालिकेचे साहेब आले. भला माणूस होता. टेप लावून पायऱ्या मोजल्या, चहाही घेतला. काकू दाराची अडचण समजावत होत्या, तेवढ्यात मागे काका उठून उभे राहिले. बाकाच्या कडेवर हात ठेवून त्यांनी प्रार्थना सुरू केली. स्वच्छ, खणखणीत आवाज. लग्न ठरलं तेव्हा काकूंनी याच खोलीत पहिल्यांदा ऐकलेला.

काकू धावल्या आणि त्यांनी काकांच्या तोंडावर हात ठेवला.

"अहो, आज प्रार्थना नको."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चारचौघांत ओरडा खाल्लेल्या पोरासारखं तोंड झालं होतं बिचाऱ्यांचं. गुपचूप खाली बसले.

अनुदान मिळालं. उतार झाला, दार रुंद झालं, लोकांनी काकूंना डोक्यावर घेतलं. काकूंचं मात्र लक्ष लागेना. दर बुधवारी त्या काकांच्या कानाशी प्रार्थनेची पहिली ओळ म्हणायच्या आणि वाट बघायच्या. काका बाकावरून हात फिरवत राहायचे.

झालेलं काम बघायला साहेब पुन्हा आले. जाताजाता त्यांनी विचारलं, काका अजून म्हणतात का ती प्रार्थना? साहेबांचे वडीलही तीच म्हणायचे.

"तुमच्या नियमात बसत नव्हती ना, साहेब," काकू म्हणाल्या.

साहेब गोंधळले. "आमचा पैसा प्रार्थनेवर खर्च करायचा नाही, एवढंच आहे, काकू. माणसाने ती म्हणायची नाही, असं कुठंय?"

साहेबांना तसंच दारात सोडून काकू काकांपाशी जाऊन बसल्या. काकूंचे डोळे घळाघळा वाहत होते.

"म्हणा हो," त्या म्हणाल्या. "चालतं म्हणे. चुकलं माझं. म्हणा ना."

काकूंनी पहिली ओळ म्हटली. काका ऐकत राहिले. मग त्यांनी बाकावरचा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला.