फेकायचं ते उद्या फेक

आपा चहासुद्धा आधी हुंगायच्या. टपरी रोजची, चहा रोजचा, तरी कप नाकाशी नेऊन भुवई वर करायच्या, मगच घोट. माहेर किनाऱ्यावरचं, त्यामुळे माशाचा कल्ला उघडून बघितल्याशिवाय घेणार नाहीत. खोपोलीच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत त्या सर्वांत जुन्या; तिथे शुद्ध पाण्याची बाटली आली, तरी तोच डोळा. "शुद्ध म्हनून लिवलंय. लिवनारा कोन, तुजा मामा हाय का रं?"

मी कोंडाण्याच्या शेतकरी घरातला. आधी भाताच्या रोपांवर काम केलेलं, इथली नोकरी अजून कच्ची. मला वाटायचं, आपांचा खरा संशय माझ्यावरच आहे. रोज संध्याकाळी फ्रीजरमधली माझी एकेक नळी नोंदवहीशी ताडून मगच त्या सही करत. शिवाय प्रयोगात काढून टाकलेलं पाणीही फेकू देत नसत. त्यावर चिठ्ठी लावून बर्फात ठेवायचं. "फेकायचं ते उद्या फेक." मग मलाही त्यांचा संशय येऊ लागला. प्रयोगशाळेच्या साहेबांच्या कानाला लागत असतील, दुसरं काय!

आमचं काम जीवाणूंचं. त्यांची कोणती जनुकं चालू आहेत हे आरएनएच्या निरोपांवरून कळतं. पण पेशीतला बहुतेक आरएनए निरोपांचा नसतो, प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा असतो. तो आधी काढला नाही, तर आरएनए वाचणारं यंत्र तेच तेच वाचत बसतं.

एका तेलकट डबक्यात मजेत जगणारे जीवाणू आम्ही आणले होते. डबकं पुढे रस्त्याच्या भरावाखाली गेलं आणि त्यांच्या आरएनएची एकच नळी उरली. ती साहेबांनी माझ्या हातात दिली.

रायबोसोमचा आरएनए काढायला चुंबकाकडे ओढले जाणारे बारीक मणी असतात. तो त्यांना चिकटतो, निरोप वरच्या पाण्यात राहतात. भाताचं उलटं. भाताच्या निरोपांना शेपटी असते, तिला धरून मणी निरोपच पकडतात आणि पाणी टाकून देतात. जीवाणूंच्या निरोपांना तशी शेपटी नसते. हे मला पाठ होतं, हाताला नव्हतं. मी पाणी बाजूला काढलं आणि मणी जपले.

मण्यांवरचा आरएनए सोडवून मोजला, तर भरपूर! मी खूश. आपा आकडा बघून उठल्याच. "गर्दी हाकलाया गेलतास ना? मंग येवढी उरली कशी?"

म्हणजे मी कचराच जपला होता. डबकं गेलं, नळी गेली, नोकरीही गेली. आपांनी बर्फातून टाकाऊ पाण्याची नळी काढली आणि मोजली. थोडासाच आरएनए होता, पण हवा होता तोच. "भात पाखडायची सवय तुजी. हितं सुपात ऱ्हातो तो कोंडा नि उडतो तो दाना." साहेबांना यातलं काही कधी कळलं नाही. कान भरणाऱ्या बाई असं करत नाहीत. मला माझीच लाज वाटली.

"तुमचा माज्यावर भरोसा नाय म्हनून वाचलो, आपा."

"तुज्यावर नाय रं. अशीच एक नळी मी सोता मोरीत वतलीवती. तवापासनं माज्याच हातावर भरोसा नाय."

आपांच्या निवृत्तीच्या दिवशी मी नोंदवही पुढे केली. त्यांनी फ्रीजर न उघडताच सही केली.

"आपा, बगा तरी!"

"तू बगितलंस ना?"

हो म्हणालो. त्यांची रिक्षा शिळफाट्याकडे वळेपर्यंत हात हलवत उभा राहिलो. मग आत आलो, फ्रीजर उघडला आणि पहिल्या नळीपासून सगळं पुन्हा तपासायला बसलो.