दुसरी चिठ्ठी

आमच्या घरी अडलेला प्रश्न देवाकडे नेण्याची एक रीत होती. एकाच कागदाचे दोन सारखे तुकडे करायचे, त्यांवर दोन उत्तरं लिहायची, सारख्या घड्या घालायच्या आणि देव्हाऱ्यापुढे गव्हाच्या वाटीत ठेवायच्या. ज्याला अजून वाचता येत नाही अशा लेकराने डोळे मिटून एक उचलायची. निघेल ते देवाचं म्हणणं. दुसरी चिठ्ठी मात्र कुणी उघडायची नाही. उघडली तर देवाची परीक्षा घेतल्यासारखं होतं, असं आबा म्हणायचे. ती तशीच घडी घातलेली विहिरीत सोडून यायची.

आबा म्हणजे माझे वडील. विहीर कुठल्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, खोदायची, थोरल्या भावाला शिकायला खामगावला ठेवायचं की नाही, हे सगळं त्यांनी चिठ्ठीवर ठरवलं. एकदा ठरलं की त्यावर पुन्हा बोलणं नाही. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे असे, माझं अक्षर चांगलं म्हणून. पुढे त्याच अक्षरावर माझं पोट चाललं. चिखलीला तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी लोकांचे अर्ज लिहितो. उंद्रीहून सकाळच्या बसने जातो, संध्याकाळी परत. वारसाची नोंद, रेशनकार्ड, रस्त्याचं भांडण. इतक्या वर्षांत कुणाच्या अर्जात खोटी ओळ घातली नाही, हे मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी बायकोला बुलढाण्याला दाखवलं. पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गर्भाची पिशवी काढावी लागेल, गाठ तपासायला पाठवू, आणि उशीर करू नका. घरी आल्यावर हातपाय धुऊन बायको देव्हाऱ्यापुढे बसली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली,

"उद्या सकाळी चिठ्ठ्या लिहा."

मी म्हणालो, "अवं, डॉक्टरीणबाईनं सांगितलं ना सगळं."

"तिनं तिचं सांगितलं. मले देवाले विचारू द्या. काढा म्हनलं त काढू, राहू दे म्हनलं त राहू दे. आबाच्या वक्ताले नाही का विचारलं? कसे शांत झाले होते आबा चिठ्ठी निघाल्यावर."

मग तिने स्वयंपाकघराकडे बघून हाक मारली. "ऐकलं का वं? वाचता येते त येऊ दे, तूच उचलजो. डोळे मिटून. तुह्या हातानं तवा देव बोलला होता."

आत ताट पडल्याचा आवाज झाला. आमची मुलगी दारात आली. बावीस वर्षांची, फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या हातातला ओला कपडा तसाच होता आणि त्याचं पाणी पायावर ठिबकत होतं.

"माह्या हातानं नको, आई," ती म्हणाली. "शेजारचं कोनतंबी लेकरू आन. माह्या हातानं नको."

"काऊन?"

"नको म्हनलं ना!"

तिचा असा चढलेला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ती मागच्या अंगणात निघून गेली. बायको माझ्याकडे बघू लागली, मी काही तरी सांगेन म्हणून. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. सतरा वर्षं मी हेच करत आलो होतो.

सतरा वर्षांपूर्वी आबांच्या पायाला जखम झाली होती. साखरेचा आजार, त्यात अनवाणी शेतात जाण्याची सवय. अंगठा काळा पडला, मग काळेपणा वर चढू लागला. खामगावच्या डॉक्टरांनी पाय बघितला आणि गुडघ्याखालून काढावा लागेल म्हणून सांगितलं. दोन दिवसांत ठरवा, म्हणाले. दादा, माझा थोरला भाऊ, नाशिकला कंपनीत होता, तो आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. "कापा म्हनते त कापा. जीव त राह्यते." आबा खाटेवरून म्हणाले, "तुमी भांडू नका बे. देवापुढं चिठ्ठ्या टाका. तो म्हनन तसं."

सकाळी आंघोळ करून मी कागद घेतला. ओसरीत मी एकटाच होतो. एका चिठ्ठीवर लिहायचं होतं, 'पाय काढावा.' दुसरीवर, 'पाय काढू नये.'

मी दोन्हींवर 'पाय काढू नये' लिहिलं.

लोकांना वाटेल, बापाचा पाय तुटू नये म्हणून लिहिलं असेल. मलाही काही वर्षं तसंच वाटून घ्यायचं होतं. पण ते खरं नाही. दादा सोमवारच्या बसने नाशिकला जाणार होता आणि एका पायाचा बाप माझ्याकडे राहणार होता. त्यांना उचलायचं, बसवायचं, संडासला न्यायचं, दवाखान्याच्या फेऱ्या करायच्या, आणि हे किती वर्षं? मी चार महिने त्या जखमेचा वास घेत होतो आणि थकलो होतो. पाय राहिला तर कदाचित बराही होईल, असं मी स्वतःला सांगितलं. नाही झाला तर काय, हा विचार मी केलाच नाही असं म्हणता येणार नाही. केला होता. घड्या मी नेहमीसारख्याच नीट घातल्या.

आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. नुकती न्हाऊन आलेली, केस ओले. सगळे बघतात म्हणून तिला मोठी मजा वाटत होती. तिने डोळे घट्ट मिटले, वाटीत बोटं फिरवली आणि एक चिठ्ठी वर धरली. दादाने वाचली. वाचून त्याने देव्हाऱ्यापुढे डोकं टेकवलं. ज्या माणसाने रात्रंदिवस कापा कापा लावलं होतं, त्याने एका अक्षराने वाद घातला नाही. आबांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला. "माही माय," म्हणाले, "सोडवलं मले."

दुसरी चिठ्ठी घेऊन मी विहिरीवर गेलो. तिथे पहिल्यांदा भीती वाटली. कागद पाण्यावर पडला की भिजून उलगडतो. कुणी बादली सोडली आणि तो वर आला तर? मी ती खिशात घातली आणि घरी येऊन सोडली म्हणून सांगितलं. नंतर ती शिक्क्याच्या पॅडच्या रिकाम्या डबीत गेली. दोनदा जाळायला काढली. दोन्ही वेळा काडी पेटवली आणि विझवली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

आबा विसाव्या दिवशी गेले. विष अंगभर पसरलं होतं. पाय काढला असता तर ते वाचले असते का, हे डॉक्टरही छातीवर हात ठेवून सांगू शकले नसते. दादा म्हणाला, "देवानंच सांगितलं होतं, आपन काय करनार." गावही तेच म्हणालं. मी मान हलवली. जे माझं होतं ते सगळ्यांनी मिळून देवावर टाकलं आणि मी टाकू दिलं.

त्यानंतर मी देवाला काही मागितलं नाही. रोज दिवा लावायचो, उदबत्ती ओवाळायचो, पण आतून तोंड उघडत नव्हतं. ज्याच्या नावावर खोटं लिहिलं त्याच्यापुढे आता कुठला अर्ज करायचा? लोकांना वाटे, माणूस शांत आहे, सोसलेला आहे. बायकोला वाटे, बापाचं दुःख आहे.

इथपर्यंत सगळं माझ्यापुरतं होतं, असं मी धरून चाललो होतो. पण मुलगी बारा वर्षांची असताना आम्ही धाडच्या बाजारातून जीपने परत येत होतो. धाड तिच्या आईचं माहेर. बायको पुढे बसली होती, आम्ही दोघं मागे पिशव्यांमध्ये दाटीवाटीने. मुलगी खिडकीतून बघत एकदम म्हणाली,

"बाबा, मी दुसरी उचलली असती त आबा राह्यले असते का?"

जीप खड्ड्यातून उडत होती. शेजारी एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती. 'दोन्हींवर एकच होतं', एवढं एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. पण मी म्हणालो, "देवाची इच्छा होती, बाई. असं मनात आनू नये."

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर मी बघत राहिलो. दुकानात दोन कापडं पुढे ठेवली की ती आईकडे बघायची. दहावीनंतर कुठली शाखा घ्यायची म्हणून विचारलं तर, "तुमीच सांगा." फार्मसीही मीच सांगितली म्हणून घेतली. बायको हसून म्हणायची, "हिले पानीपुरी तिखट की गोड तेबी कोनी सांगावं लागते." मीही हसायचो. ते हसणं मला सगळ्यात जास्त बोचतं.

त्या संध्याकाळी मी गावाच्या वेशीपर्यंत गेलो आणि परत आलो. सकाळी आंघोळ करून मी ओसरीत त्याच जागी कागद घेऊन बसलो. दोन तुकडे केले. एकावर 'पिशवी काढावी' लिहिलं. दुसऱ्यावर लिहायला गेलो आणि पेन तसंच राहिलं. मला कळत होतं, या वेळी मी खरं लिहिलं तरी चालणार नाही. 'काढू नये' निघाली आणि बायकोने डोकं टेकवलं तर? आणि तिला वाचवायला पुन्हा दोन्हींवर एकच लिहिलं तर? हात तिकडेच वळत होता. चांगल्यासाठीच करतोय असं म्हणत होता.

तेव्हा सतरा वर्षांनी मी देवाशी बोललो. मोठ्याने नाही. मी म्हणालो, हिच्या पोटात काय आहे ते तू बघ, ते माझ्या हातात नाही. ती राहिली तर राहू दे, मला हवी आहे. पण माझ्याच्याने तोंड उघडवत नाही. तेवढं उघडून दे. बाकी तू करशील ते मी सोसेन. बस, एवढंच. घंटा वाजली नाही की फूल पडलं नाही. मी उठलो, डबी काढली आणि आत गेलो.

बायको गव्हाची वाटी भरत होती. मुलगी भिंतीला टेकून बसली होती, डोळे सुजलेले. मी डबी दोघींच्या मध्ये ठेवली.

"हे काय?" बायको म्हणाली. "चिठ्ठ्या कुठं हायेत?"

"ही आबाची दुसरी चिठ्ठी आहे."

बायकोचा हात वाटीतच थांबला. "तुमी त विहिरीत सोडली होती."

"नाही सोडली." मग मुलीला म्हणालो, "उघड बाई."

"उघडायची नस्ते," बायको घाईने म्हणाली. "काही काय करून राह्यले तुमी?"

मुलीने उघडली. कागद घडीवर फाटायला आला होता. तिने वाचलं, उलटा करून बघितला, पुन्हा वाचलं. "हेच त मी उचललं होतं," ती म्हणाली. "पाय काढू नये."

"दोन्हींवर तेच होतं. मी लिहिलं होतं. तू कोणतीही उचलली असती तरी तेच निघालं असतं. तुझ्या हाताचं त्यात काही नव्हतं. देवाचंही नव्हतं."

का लिहिलं तेही सांगितलं. थकलो होतो, वासाचा कंटाळा आला होता, उचलावं लागेल याची भीती होती. काही झाकलं नाही.

मग बायको म्हणाली, "पट्ट्या त मी धूत होती." तिचा आवाज अगदी साधा होता. "चार महिने. तुमाले वासाचा कंटाळा आला?"

मी मान खाली घातली.

मुलीने चिठ्ठीची पुन्हा घडी घातली, जशी होती तशी. "जीपमधे विचारलं होतं मी," ती म्हणाली. "तवाबी नाही सांगितलं." एवढं बोलून ती उठली आणि अंगणात गेली. तिच्या रडण्याचा आवाज आत येत होता. मी उठू लागलो तर बायकोने हाताने थांबवलं. "बसा तिथंच. तिले रडू द्या."

मग तिने वाटीतले गहू परत डब्यात ओतले. देव्हाऱ्यापुढे बसली, पदर डोक्यावर घेतला आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, आता तुले विचारत नाही. तुह्या नावानं मानसं काय काय लिहितात. मी दवाखान्यात चालली, तू संग चाल." आणि माझ्याकडे वळून, "गाडीची सांगा कोनाले."

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने संमतीचा कागद आणला. सवयीने मी पेन काढलं. कागद लिहायचा म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. मुलीने हात पुढे केला. तिने कागद वरपासून खालपर्यंत वाचला, एका शब्दाचा अर्थ नर्सला विचारला आणि म्हणाली, "मी करते सही." नर्सने माझ्याकडे बघितलं. मी पेन मुलीला दिलं.

सही करताना तिने डोळे उघडे ठेवले होते.

आत तीन तास लागले. मी बाकावर बसून तेच पुन्हा म्हणत होतो, ते माझ्या हातात नाही, तू बघ. भीती गेली नव्हती, पण ती आता माझ्या एकट्याची नव्हती. गाठीचा रिपोर्ट पुढे दहा दिवसांनी आला, गाठ साधी होती. ते दहा दिवस कसे गेले ते इथे लिहीत नाही.

हे लिहिण्याआधी दादाला फोन करून सगळं सांगितलं. तो फक्त "ठेवतो" म्हणाला. मुलगी माझ्याशी अजून मोजकंच बोलते. परवा चिखलीला कापडाच्या दुकानात तिने दोन ओढण्या बघितल्या, एक बाजूला सारली आणि दुसरी घेतली. आईकडे बघितलं नाही. मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. मला तिने काही विचारलं नाही, आणि मीही काही सुचवलं नाही.