न झालेला हल्ला

कुणाच्याही घरी गेलं की सर आधी चुलीपाशी जात. 'या, बसा' म्हणायला कुणाला सवडच मिळत नसे. घरातली सून पदर सावरेपर्यंत हे उकिडवे बसून राख चाळायला लागलेले असत. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना 'चुलीवाले सर' म्हणत. ते कानावर आलं की सर खूश होत.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे एका गावाची जुनी पांढरी, म्हणजे कधीकाळच्या उजाड वस्तीचं टेकाड, आम्ही खणत होतो. सकाळी खड्ड्यात उतरायचं आणि दुपारी शेजारच्या नांदत्या गावात घरोघर हिंडायचं, असा त्यांचा क्रम होता. मी त्यांच्या हाताखाली होतो; नोकरी दोघांचीही हंगामी. मला कपातला चहा संपवूही देत नसत. "मेलेलं गाव काही बोलत नाही ना गा," म्हणायचे, "मंग जितं हाये त्याले विचारा लागते."

खणताना एका थरात राख लागली आणि त्या राखेत फुटक्या मडक्यांचा ढीग. शत्रू आला, गाव जाळलं, लोक पळाले, असा लेख आम्ही दोघांच्या नावाने लिहिला. विभागप्रमुखांना तो हल्ला इतका आवडला की ते जातील तिथे त्याच्यावर व्याख्यान देऊ लागले. दोन वर्षांनी आम्ही दोघं कायम होणार, हे जवळजवळ ठरलंच.

आणि मग एका दुपारी गावाबाहेरच्या खड्ड्यात सरांना फुटक्या मडक्यांचा ताजा ढीग दिसला. जवळच कुंभारवाड्यातली पार्वताबाई उभी होती.

"भांडन झालं का बाई कोनाचं?"

"भांडन काहून होईन, मास्तर? परवा गिऱ्हाण सुटलं ना. जुनी मडकी, चुलीतली राख, सारं भाईर. अख्खं गाव फेकते."

"मंग फोडता काहून?"

"नाही फोडलं तं कोनी उचलून नेईन ना जी!"

ग्रहण सुटल्यावरची ही रीत ऐकून सर तिथून जे सुटले ते थेट आमच्या खड्ड्यात उतरले. बोटांनी भिंतींची माती चाचपत संध्याकाळपर्यंत आत येरझाऱ्या घालत होते. "गाव जळालं असतं तं भित भाजली असती. एकबी भाजली नाही. म्या पाह्यलंच नाही गा! गिऱ्हाणच होतं असं मी म्हनत नाही. पन हल्ला होता, हे आता कोन्या तोंडानं सांगू?"

लेख मागे घ्यायचं पत्र घेऊन ते माझ्या खोलीवर आले. मला राग आला. एका बाईच्या बोलण्यावरून सगळ्यावर पाणी सोडायचं का, असं मी विचारलं. कायम होईपर्यंत दोन वर्षं थांबा, म्हणालो.

"दोन वर्षं पोरं खोटं शिकतीन ना."

मी सही केली नाही. लेखावरून त्यांचं एकट्याचं नाव निघालं, आणि कॉलेजातूनही. अकोल्याच्या जुन्या शहरात त्यांना शाळेत नोकरी मिळाली. बडनेऱ्याच्या स्टेशनवर पोचवायला गेलो तर डब्यातही त्यांचा पाय ठरेना. खिडकी, दार, पुन्हा खिडकी. रागावलात का, असं मी कसंबसं विचारलं. "राग काहाचा? तुले घर हाये, दोन बहिनी हायेत," म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी कायम झालो आणि दरवर्षी तो हल्ला शिकवत राहिलो. सवयीने त्यात भर पडत गेली. शत्रू कोणत्या दिशेने आला, हेसुद्धा सांगू लागलो. मुलं निमूट लिहून घेत.

एका वर्षी मागच्या बाकावरचा एक नवा मुलगा लिहीना. उभा राहून म्हणाला, "सर, हे कशावरून?"

"शाळा कोणती रे तुझी?"

"अकोल्याची, जी. जुन्या शहरातली."

खडू खाली ठेवून मी पहिल्यांदाच मोठ्याने सांगितलं की हल्ला झाला, असं म्हणायला आमच्याकडे काहीही आधार नव्हता. सरांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते.