जुनी ठेवा, नवी काढा

आमच्या बाबांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. त्यांच्या मते बंद पडलेल्या लिफ्टकडे कोणीही धावत जाईल. खरा मेकॅनिक तो, जो धडधाकट चालणारी लिफ्ट उघडून बघतो. ते निवृत्त झाल्यावर घरात उघडून बघण्यासारखे दोघंच उरलो होतो, मी आणि कॉम्प्युटर. मी दाद दिली नाही. कॉम्प्युटर गरीब निघाला.

आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि ताई लग्न करून परदेशी गेली होती. ताई म्हणजे माझी जुळी बहीण. माझ्यापेक्षा काही मिनिटांनीच मोठी, पण त्या मिनिटांचा मान तिने आजतागायत वसूल केलाय. लहानपणी आम्ही इतक्या सारख्या दिसायचो की शाळेत एकीचा मार दुसरीने खाल्लाय. बहुतेक वेळा ती दुसरी मी असायचे.

तर बाबा आणि कॉम्प्युटर. बाबांची फुकट सॉफ्टवेअरवर भक्ती बसली. "फुकट म्हणजे चोरीचं नव्हे," ते येईल त्याला समजावायचे. "चांगल्या माणसांनी बनवून सगळ्यांसाठी ठेवलेलं असतं. रस्त्यावरचा दिवा असतो ना, तसं." फायली जोडायचं एक, फोटो लहान करायचं एक, पासवर्ड सांभाळायचं एक, जुन्या कॅसेटमधली खरखर काढायचं एक. त्यांचे नियम ठरलेले. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या घरूनच आणायचं, वाटेत भेटलेल्याकडून घ्यायचं नाही. पानावर मोठं हिरवं बटण लुकलुकत असलं तर ते दाबायचं नाही. खरं बटण बारीक आणि लाजाळू असतं. आणि प्रत्येक चौकट वाचायची, नको तिथली टिक काढायची. सॉफ्टवेअर बसवताना जे लांबलचक अटींचं पान येतं, जे जगात कोणी वाचत नाही, ते बाबा चष्मा पुसून पहिल्यापासून वाचायचे. मध्येच "हं, हे बरोबर आहे," असंही म्हणायचे.

हळूहळू इमारतीतली बिऱ्हाडं त्यांना बोलावू लागली. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंचा कॉम्प्युटर सकाळी लावला की दुपारी उठायचा. बाबांनी बघितलं तर आत दोन अँटीव्हायरस एकमेकांवर पहारा देत बसलेले. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बाई," म्हणून त्यांनी एक काढला आणि कॉम्प्युटर भराभर चालायला लागला. बाईंनी खुशीत बाबांच्या दोन पँटी आखूड करून दिल्या. बाबांनी तसं सांगितलं नव्हतं, पण पुढे ते त्याच घालत राहिले.

आता मुद्द्यावर येते. आमच्या घरी दर वाढदिवसाला फोटो निघायचे. तोच स्टूल, तोच पडदा, आम्हा दोघींना एकाच कापडाचे फ्रॉक. आई स्टुलावर बसायची आणि बाबा आधी ताईला तिच्या मांडीवर बसवून फोटो काढायचे, मग मला. एका फोटोत दोघी कधीच नाही, कारण एकत्र बसवलं की चिमटे काढायचो. हे सगळे फोटो बाबांनी त्याच क्रमाने स्कॅन केले आणि नावं दिली: मोठी एक, धाकटी एक, मोठी दोन, धाकटी दोन. पुढे भिंतीतला पाइप फुटून कपाटातल्या अल्बमचा लगदा झाला, तेव्हा बाबा जराही हलले नाहीत. "सगळं आत आहे," म्हणाले. "आणि बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत आहे. एकच प्रत म्हणजे प्रतच नव्हे." अल्बम आम्ही शांतपणे कचऱ्यात टाकला.

मग यंदाच्या वाढदिवसाआधी ताईचा फोन आला. "सगळे फोटो पाठव गं. मोठे करून लावणार आहे. एका भिंतीवर मी आणि आई, समोरच्या भिंतीवर तू आणि आई."

मी फोल्डर उघडलं. मोठी एक. मोठी दोन. मोठी तीन. खाली खाली गेले, शेवटपर्यंत मोठीच.

"बाबा, मी कुठे आहे?"

बाबा चष्मा लावून आले. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग हळूच म्हणाले, "डुप्लिकेट."

झालं होतं असं. त्यांनी नुकतंच एक नवं सॉफ्टवेअर आणलं होतं. सारखे दिसणारे फोटो शोधायचे, जोडीतला एक ठेवायचा, एक उडवायचा, म्हणजे डिस्कवर जागा होते. त्या शहाण्याने स्टूल बघितला, पडदा बघितला, फ्रॉक बघितला, तोंड बघितलं आणि ठरवलं की यातली एक जास्तीची आहे. कुठली ठेवू, असं त्याने रीतसर विचारलं. बाबांनी चौकट वाचली आणि टिक केली: जुनी ठेवा, नवी काढा. ताई आधी स्कॅन झाली होती, मी मागून. म्हणजे इथेही मला त्या मिनिटांनीच खाल्लं. पुढे साफसफाईच्या सॉफ्टवेअरने कचरापेटी रिकामी केली. आणि ज्या सॉफ्टवेअरला बाबांनी बाहेरची डिस्क हुबेहूब आतल्यासारखी ठेवायला सांगितलं होतं, त्याने ती हुबेहूब केली. एकानेही कामात कुचराई केली नाही.

"फुकट ते पौष्टिक, नाही का?" मी म्हटलं. "घ्या आता! आईबरोबर माझा एक फोटो उरला नाही, बाबा. एकसुद्धा नाही." आणि मी रडायला लागले. एवढी मोठी बाई मी, भोकाड पसरून रडले. आई आठवते मला, पण तिच्याजवळ मी कशी दिसायचे ते मला त्या फोटोंतूनच माहीत होतं.

बाबांनी सरळ भिंतीतला प्लग उपटला. बोलायचं सोडून हे काय, म्हणून मी आणखी चिडले.

"याला आता कोणी हात लावायचा नाही," ते म्हणाले. "पुसलेलं लगेच जात नाही. इथली जागा रिकामी आहे, एवढीच नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही येऊन बसलं की मग संपलं." त्यांनी खोका उघडला, डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "धर. पाडू नकोस."

आम्ही जिन्याने तळमजल्यावर गेलो. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण डिस्क छातीशी घट्ट धरली होती. शिंपीणबाईंनी टेबलावरचे ब्लाउज बाजूला सारले. बाबांनी आमची डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरला जोडली आणि पुसलेलं शोधून आणणारं एक सॉफ्टवेअर उतरवायला घेतलं. अर्थात फुकट. त्याचंही अटींचं पान आलं, आणि बाबा वाचायला लागले.

"बाबा, दाबा हो!"

"थांब. टिक काढू दे."

शोध दिवसभर चालला. बाई मशीन चालवत होत्या, बाबा पडद्याकडे बघत होते, मी डोळे पुसत होते. "रडू नकोस गं," बाई म्हणाल्या, "कापडावर डाग पडतील." संध्याकाळपर्यंत ढीगभर फायली वर आल्या, सगळ्या बिननावाच्या. जुनी बिलं, चुकून निघालेले कोणाचे तरी पाय, आणि मध्ये मध्ये स्टूल, पडदा, फ्रॉक. माझा जीव भांड्यात पडला.

पण बाबांची जुनी सवय आडवी आली. वाकडा स्कॅन सरळ करायचा आणि वाकडा फेकून द्यायचा. त्यामुळे ताईचेही फेकलेले फोटो या ढिगात होते. आता यातली मी कोण? ताईला व्हिडिओ कॉल लावला.

"ही मी," ताई म्हणाली. "ही पण मीच."

"मोठी आहेस म्हणून सगळीकडे तूच का गं?"

"मग तू ओळखून दाखव!"

मला ओळखता येईना. खरंच येईना. स्वतःचं तोंड, आणि मी शपथेवर सांगू शकत नव्हते.

"पोरींकडे काय बघताय?" बाबा म्हणाले. "आईकडे बघा."

आम्ही दोघी पडद्यावर वाकलो.

"मोठी शहाण्यासारखी बसायची. म्हणून तिच्या फोटोत आई सरळ कॅमेऱ्यात बघतेय. मग धाकटीला बसवलं की ती खाली घसरायची. आई तिला दोन्ही हातांनी धरायची, आणि खाली बघून हसायची. दर वर्षी हेच. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही तिने."

मग ते एकेक फोटो उघडून नाव देऊ लागले. आई सरळ बघतेय, मोठी. आई सरळ बघतेय, मोठी. मोठी. मोठी. ढीग संपत आला. मशीन थांबवून बाईसुद्धा मागे येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, गेलो आपण.

शेवटी शेवटी एक अर्धा फोटो आला. वरचा भाग ठीक होता, खालच्या जागेवर दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं, तिथे नुसता करडा रंग. पडदा होता, आईचे केस, आईचं तोंड, खांदे. मांडीच्या जागी काहीच नाही. आई खाली बघून हसत होती.

"सापडलीस," बाबा म्हणाले. नाव दिलं: धाकटी.

त्या ढिगात मी तेवढीच निघाले. बाहेरची डिस्कही शोधून बघितली, तिथे तेवढंही उरलं नव्हतं. ताईने तो मोठा करून समोरच्या भिंतीवर लावलाय, तशीच प्रत इकडे माझ्या खोलीत आहे.

डिस्क घरी आणल्यावर बाबांनी आधी ते सारखे फोटो शोधणारं सॉफ्टवेअर काढून टाकलं. जाता जाता त्याने पडद्यावर एक चौकट दाखवली: आम्हाला का काढत आहात, ते कृपया सांगा. असल्या चौकटी कोणी भरत नाही. बाबांनी चष्मा पुसला, आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं: माझ्या मुली सारख्या नाहीत.