भुरीचे घड

आईच्या रक्तात जंतू शिरले होते, तेव्हा औषधांनी जंतू मेले, पण अंगातली आग विझेना. डॉक्टर म्हणाले, आता तिचं शरीर स्वतःशीच भांडतंय. आई वाचली, ते भांडण मात्र माझ्या डोक्यात बसलं. पुढे नाशिकच्या एका प्रयोगशाळेत, द्राक्षाच्या सालीतला एक घटक ही आग शमवतो का, हे बघायचं काम मी घेतलं. निफाडच्या बागायतदाराची पोर दुसरं काय घेणार म्हणा!

वेलीवर भुरीसारखा बुरशीचा रोग पडला की ती हा घटक जास्त तयार करते. म्हणून वडिलांना फोन केला, "आप्पा, भुरी पडलेले घड पाठवा." प्रयोगशाळेतल्या माझ्या गाईड मॅडमनी दम दिला होता, या हंगामात काही दिसलं नाही तर विषय बदलायचा.

इंदिरानगरच्या खोलीवर पेटी आली. उघडते तर काय, एक्स्पोर्टचा माल! टपोरे मणी, डाग औषधालाही नाही. मी किंचाळलेच.

"आप्पा, रोगट म्हटलं होतं हो!"

"माझ्या बागेतून रोगट माल जायचा नाय. लोकं काय म्हणतील?"

"लोकं नाही, पेशी खाणारेत!"

"मग त्यांनी तरी खराब का खावं?"

कप्पाळ माझं! मैत्रिणींनी पेटी फस्त केली.

शेवटी आईच एस.टी.नं आली. पिशवीत वर मेथी, खाली भुरीचे घड. आप्पांनी पुरायला काढलेले, तिनं गुपचूप उचललेले. चोर बाई खुशीत नुसती फुलली होती.

आणि त्या घडांच्या सालीचा अर्क घातल्यावर काचेच्या थाळीतल्या भडकलेल्या पेशी निवल्या की हो! औषध व्हायला अजून लय वाट चालायची होती, पण मी पॅसेजमध्ये फुगडी घातली. मॅडम म्हणाल्या, नाचू नकोस, पुन्हा कर. पुन्हा केलं, पुन्हा तेच!

पुढच्या हंगामात घरी गेले. सगळी बाग फवारलेली, कोपऱ्यातल्या एका वेलीला मात्र आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं. फवारा लागू नये म्हणून! आत घड भुरीनं पांढरेफटक. ज्या माणसाला एक डाग खपत नव्हता, तो शेजारी उभा.

"ही तुझी," आप्पा म्हणाले. "उद्या कुणाची आय तशी पडली तर लागंल."

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. आप्पा वैतागले.

"रडती काय? आन् पेटीत वर दोन चांगले घड ठेव. वाटंत कुणी उघडून बघितलं तर?"