आरशावरचा ओरखडा

नलिनीचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होतो. "सर, सुधाकर सर गेले..." एवढं बोलून ती रडायलाच लागली. शाळेत तिला विज्ञान शिकवलं मी, सुधाकरनं गणित. खोटं कशाला बोलू, मित्र गेल्याच्या दुःखाआधी तिचं ते रडणंच मला बोचलं.

यवतमाळच्या त्या शाळेत आम्ही उभी नोकरी सोबत केली. एका वर्षी हा गणिताचा मास्तर माझ्या प्रयोगशाळेत घुसला आणि म्हणाला, दुर्बीण करू. दोन जाड काचा, मधे पाणी आणि कुरुंदाची भुकटी. एक काच ड्रमावर बसवायची आणि ड्रमाभोवती फिरत दुसरी तिच्यावर घासायची, तिचाच आरसा होतो. भुकटी आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. दर वेळी हात, नखं, टेबल सगळं धुवायचं, कारण जाड भुकटीचा एक कण राहिला तरी काचेवर रेघ उठते. गुळाला मुंगळे लागावेत तशी मुलं त्याच्याभोवती. माझ्या प्रयोगशाळेत मलाच कोणी विचारेना! शेवटच्या फेरीला मी नखं धुतली नाहीत. आजवर मनाशी विसरलो म्हणत आलो... पण मला आठवत होतं.

बोटभर लांब ओरखडा उमटला. मुलं हिरमुसली. सुधाकरनं माझ्या हातांकडे एकदाच पाहिलं.

"माह्याच हातानं झालं रे पोरांनो," तो म्हणाला. "तरी शनीचं कडं दिसते का नाही, पाहा!"

आणि दिसलं की. बघणाऱ्यांत नलिनी होती.

आता गावालगतच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तिचा ड्रोनच्या कॅमेऱ्यांची भिंगं घडवायचा कारखाना आहे. कापसाच्या आमच्या गावाला हल्ली ड्रोनची स्वप्नं पडतात. त्या फोननंतर, गेल्या आठवड्यात तिनं मला तिथं बोलावलं. दारातच काचेच्या पेटीत तो आरसा, आणि समोर नव्यानं कामाला लागलेल्या मुली.

"ही आमच्या सुधाकर सरांची चूक," ती त्यांना सांगत होती. "त्यांनी ती लपवली नाही. म्हणून इथं आधी नखं धुवायची, मग काचेला हात."

मला राहवेना. "नलिनी, तो ओरखडा माझा आहे. मी मुद्दाम नखं धुतली नव्हती."

ती हसली, डोळे पुसले. "सर, अजून त्याईले सांभाळूनच घेऊन राह्यले तुम्ही!"

आयुष्यात माझ्या हातची एकच गोष्ट टिकली, तीसुद्धा त्याच्या नावावर. जळफळाट झाला, रडूही आलं... मग आत जायच्या आधी, त्या मुलींच्या रांगेत उभं राहून मी नखं धुतली. चांगली घासून.