उघाडीवर कोण आहे?

हरेश गेल्याचा फोन मला दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. नंबर कविताचा, म्हणजे त्याच्या बायकोचा होता, बोलत मात्र होते त्यांचे शेजारी. मानपाड्याच्या त्याच्या वर्कशॉपमध्ये, अर्धवट उघडलेल्या शटरच्या आत, तो खुर्चीत बसल्या जागी सापडला होता. माझा विश्वासच बसेना, आणि त्याला कारणही होतं. सकाळी नेहमीच्या वेळेला आमच्या तिघांच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला होता, 'पोचलो. बरा आहे.' मी सवयीने त्यावर अंगठाही दिला होता. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की शटर उघडल्यावर थोड्याच वेळात तो गेला असावा. मेसेज तर त्यानंतर बऱ्याच वेळाने आलेला... मयताच्या घरात हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण कविताच्या डोक्यात तेवढंच एक घोळत होतं, हे मला तिच्याकडे पाहून कळत होतं.

तो रोजचा मेसेज ही कविताचीच अट होती. मागच्या वर्षी त्याच्या छातीत दुखलं, दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, आणि घरी बसणं ज्याच्या रक्तात नाही असा हा माणूस पुन्हा वर्कशॉपला निघाला. तेव्हा कविताने बजावलं, पोचल्यावर रोज कळवायचं, नाही कळवलंस तर मी रिक्षा करून येणार आणि गिऱ्हाइकांसमोर तमाशा करणार. साक्षीदार म्हणून तिने मलाही ग्रुपमध्ये घेतलं. तो कुरकुरत कबूल झाला. मेसेज रोज येत राहिला. आम्ही दोघी निर्धास्त झालो.

हरेश आणि मी पॉलिटेक्निकला एका बाकावरचे. मी पुढे शिकवायला लागले, माजिवड्याला संसार थाटला. तो मोटारींचे पॅनल, पंपांचे स्टार्टर दुरुस्त करायला लागला. दिव्याजवळच्या गावातला हा मुलगा, खाडीकाठची भातशेती आणि मिठागरं बघत वाढलेला. पुढे शेतं मातीने भरून त्यांवर इमारती आल्या आणि त्याचं कुटुंब स्वतःच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायला लागलं. नळाला पाणी नाही म्हणून टँकरची वाट बघणाऱ्या त्या इमारतीखाली एकेकाळी खाडी येऊन टेकायची, हे तो आल्यागेल्याला सांगायचा. बोलताना त्याचा आवाज थोडा खाली जायचा.

पन्नाशीला टेकल्यावर त्याला कॉम्प्युटरच्या एका खेळाचा नाद लागला. ठोकळ्यांचं जग, त्यात हवं ते बांधा, आणि तारा, खटके, दिवे जोडून त्या बांधकामाला अक्कलही द्या, असा तो खेळ. 'हे दोन्ही असेल तरच', 'हे नसेल तर', 'यातलं एक जरी असेल तर', एवढ्या तीनचार साध्या अटी एकमेकींत गुंफून त्यात वाटेल ते यंत्र चालवता येतं. मी वर्गात फळ्यावर जे शिकवते तेच, फक्त मुलांना तिथे झोप येते आणि हरेशला इथे तहानभूक आठवायची नाही. त्याने मलाही ओढलं. रविवारी मी माजिवड्याहून त्याच्या जगात शिरायचे आणि आम्ही फोन कानाला लावून भांडत बांधायचो. एकदा त्याने मासळी निवडायचं यंत्र केलं, कोळंबी एका टोपलीत, बोंबील दुसऱ्या. एक अट उलटी जोडली गेली आणि सगळी मासळी मी बांधलेल्या घराच्या छपरातून आत पडायला लागली. "शुभे, आता वर्षभर बाजारात जाऊ नकोस," म्हणाला. त्याचं हसणं मला अजून ऐकू येतं.

पण त्याचं खरं काम दुसरंच होतं. त्याने त्या जगात आपलं बुडालेलं शेत पुन्हा उभं केलं. खाडी, खाडीचा बांध, आत भाताची खाचरं, आणि बांधात उघाडी. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी सोडायचं आणि भरतीला लावून घ्यायचं, नाहीतर खारं पाणी आत. खेळातल्या पाण्याला भरती-ओहोटी कळत नाही, म्हणून त्याने आपोआप टिकटिकणारं एक घड्याळाचं सर्किट केलं, ते ठरल्या वेळी टाकीतून खाडीत पाणी सोडायचं. उघाडीपाशी खटका, आणि घराच्या ओट्यावर कंदील. भरती आली की कोणीतरी उघाडीवर जाऊन दार लावायचं आणि हाताने खटका ओढायचा, तर ओट्यावरचा कंदील पेटायचा. नाही पेटला तर घंटा. म्हणजे गप्प राहणं हाच धोक्याचा इशारा. मी म्हटलं, अरे, तो खटकाही घड्याळालाच जोडून टाक, रोज कशाला हेलपाटे? तो एवढा गंभीर झाला की मला वाटलं माझं काही चुकलं. "भरतीला घड्याळ चालेल," तो म्हणाला, "माणसाला नाही."

मग त्याने काकाची गोष्ट सांगितली. ती त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होती, पण सणासुदीला कोणी काढत नसे. उधाणाच्या दिवसांत घरातला एक पुरुष उघाडीवर असायचा आणि मधूनमधून कंदील आडवा हलवायचा. ताटं वाढण्याआधी हरेशचे वडील विचारायचे, "उघाडीवर कोन हाय?" आणि त्याच्या आईने ओट्यावर जाऊन हलता कंदील बघितल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नसे. त्या वर्षी पाळी धाकट्या काकाची होती आणि गावात हळद होती. वाजंत्री सुरू झाली, काकाला राहवेना. त्याने दार नुसतं लोटलं, कंदील बांबूच्या टोकाला बांधला, वाऱ्याने तो झकास हलायला लागला, आणि काका नाचायला गेला. आईने ओट्यावरून कंदील हलताना बघितला आणि सगळे पोटभर जेवले. पाण्याने दार फोडलं, बांध फुटून खांड गेली, खारं पाणी शेतभर पसरलं तरी कंदील आपला हलतच होता... पुढे कितीतरी वर्षं त्या शेतात भात झाला नाही. काकाला कोणी एक शब्द बोललं नाही, पण तो पुन्हा कुठल्या हळदीला गेला नाही.

मला तेव्हा वाटलं होतं, खेळातल्या एका खटक्यासाठी काय हा बाऊ. आज तसं वाटत नाही.

बारावं-तेरावं उरकल्यावर मी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. कविताने मला आतल्या खोलीत नेलं, जिथे त्याचा कॉम्प्युटर असतो. तो बंद करायला तिचा हात धजला नव्हता. पडद्यावर ओट्यावरचा कंदील होता. तो थोडा वेळ पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा. "बघा ना ताई," ती म्हणाली, "अजून लागतोय. मी येऊन बसते इथे." मग पदराशी चाळा करत तिने ते विचारलंच. डॉक्टर म्हणतात आधीच गेलेले. मग मेसेज कसा केला? डॉक्टर चुकले असतील ना? मेसेज करताना हे जिवंत असतील, त्यांना मदत हवी असेल, आणि मी इथे भाजी निवडत बसले... की नेटवर्कमुळे उशिरा आला?

माझं लक्ष कंदिलावर होतं. हाताने खटका ओढणारा माणूस उरला नव्हता, आणि कंदील पेटत होता. मी माउस हातात घेतला आणि बांधावरून चालत उघाडीपर्यंत गेले. दार सताड उघडं होतं. खाचरांत भाताच्या जागी पाणी चमकत होतं. खटक्याच्या मागची माती उकरली, तर खाली एक तार निघाली, नीट झाकून ठेवलेली. मी तिच्या मागोमाग गेले. ती टाकीपाशी, भरतीच्या घड्याळाला जाऊन मिळाली होती. जे घड्याळ पाणी आत सोडत होतं, तेच ओट्यावर कळवत होतं की सगळं ठीक आहे.

कधी जोडली असेल त्याने? बहुतेक मागच्या वर्षी, बांधावरून उघाडीपर्यंत जायचाही कंटाळा यायला लागला तेव्हा. आणि ज्याने ही तार पुरली, त्याला फोनमधून रोज ठरल्या वेळी एकच मेसेज आपोआप जाईल अशी सोय करणं म्हणजे हातचा मळ. दुखत असेल त्या दिवशीही 'बरा आहे'. जिना चढताना थांबावं लागलं त्या दिवशीही 'बरा आहे'. आणि त्या सकाळी, खुर्चीत मान टाकून बसलेला असताना, शेजारच्या टेबलावर फोनने आपलं काम वेळेवर केलं... मला त्याचा इतका राग आला की डोळ्यांतलं पाणी पुसायचंही सुचलं नाही. जिवंत असता तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती.

कविताला सांगावं की नाही, हे मला कळत नव्हतं. तो मेसेज म्हणजे तिच्यासाठी त्याचा शेवटचा शब्द होता, जणू त्याने जाता जाता तिची आठवण काढली होती. तो मी कोण काढून घेणार? पण तो ठेवला, तर मदतीची वाट बघणारा नवरा तिला जन्मभर दिसत राहणार. मी पडदा तिच्याकडे वळवला आणि ती तार टोकापासून टोकापर्यंत दाखवली. तिला सर्किटमधलं काही कळत नाही. पण ती त्या घरची सून आहे.

"यांनी कंदील बांधून ठेवलेला," ती म्हणाली. "ना, ताई?"

मी मान डोलावली. ती रडली नाही. तोडा ती तार, म्हणाली. मी तोडली. ओट्यावरचा कंदील विझला आणि त्यानेच बसवलेली घंटा वाजायला लागली, बारीक, कर्कश, थांबायचं नाव न घेणारी.

बाहेरच्या खोलीत त्याची आई पलंगावर पडून होती. हल्ली त्यांना आजचं काही आठवत नाही, मुलगा गेल्याचंही रोज नव्याने सांगावं लागतं. घंटा ऐकून त्या उठून बसल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज एकदम खणखणीत आला, "उघाडीवर कोन हाय?"

त्यांनी पुन्हा विचारलं. कविताने माझ्या हातातून माउस घेतला. तिला खेळात चालणंही जमत नव्हतं, दोनदा बांधावरून खाडीत पडली, मी सांगत गेले तशी परत वर आली, आणि उघाडीपाशी पोचून तिने दार लावलं, खटका ओढला. घंटा थांबली.

"मी हाय, आई," ती म्हणाली.